मन्मथअप्पांचं शिंक्यातलं वायफाय

मन्मथअप्पांनी वायफायचं राउटर वजन बघून घेतलं.

लातुरात क्लासच्या पोरांना खोल्या देणारा कुठलाही घरमालक रेंज विचारतो, स्पीड विचारतो, फार तर वॉरंटी विचारतो. अप्पांनी डबा तळहातावर घेऊन वरखाली केला आणि म्हणाले, "याच्याहून हलकं न्हाई का?"

दुकानदाराने चार शिंगांचं धूड पुढे केलं. "अप्पा, हे तीन भिंती पार करतं."

"भिंतीचं ठीक हाय. डोक्यात पडलं तर?"

मी तिथे सल्लागार म्हणून गेलो होतो. मी केमिस्ट्री शिकवतो आणि अप्पांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहतो, त्यामुळे जगातली सगळी यंत्रं मला कळतात अशी त्यांची पक्की समजूत. माझा सल्ला मात्र त्यांनी एकदाही ऐकलेला नाही.

"पडलं तर?" हा त्यांचा लाडका प्रश्न. त्र्याण्णवच्या पहाटेच्या भूकंपात औशाकडचं त्यांचं गाव दगडमातीच्या भिंतींखाली गेलं, तेव्हापासून त्यांच्या घरात खांद्याच्या वर काही म्हणून नाही. डोक्यावर हलके पत्रे, भिंतींना ना फळी ना खुंटी. घड्याळसुद्धा जमिनीवर टेकवून ठेवलेलं, वेळ बघायला वाकावं लागतं.

आता एवढ्या काळजीने जपायचं काय, तर एक जुनाट कॉम्प्युटर. त्यात माणसं आहेत. गावातल्या घरांबरोबर घराघरातले फोटोही मातीत गेले. अप्पांनी विचार केला, आपली माणसं कधीतरी कुणाच्या लग्नाला गेलीच असतील की! मग ते परगावच्या पाहुण्यांकडे जाऊन जुने अल्बम उघडायला लावू लागले. कडेला उभं राहिलेलं, पंगतीत वाढणारं आपल्या गावचं माणूस दिसलं की उतरवून आणायचं. कितीतरी घरांना त्यांनी आजा, बाप, भाऊ असा परत मिळवून दिला.

सापडली नव्हती ती त्यांची स्वतःची बायको, कमल. तिचं माहेर शेजारच्याच गावात, तेही त्याच पहाटे गेलं. दीड वर्षाची सुमन आजारी म्हणून अप्पा तिला घेऊन नांदेडला दवाखान्यात होते, म्हणून बापलेक वाचले; घरी राहिलेली कमल गेली. सुमन आता नांदेडलाच नांदते आहे. आई कशी दिसायची, हे तिला ठाऊक नव्हतं.

या फोटोंची प्रत ठेवायला अप्पांनी डिस्कही मागितली, तेव्हा दुकानदार म्हणाला, "अप्पा, फोटो ऑनलाइन ठेवा. डिस्क घ्यायचं कामच नाही."

"कुठं राहतेत मग?"

"असतील कुठंतरी परदेशात."

"गाव सांगा की. ज्याचं गावच ठाऊक न्हाई, त्याच्याकडं माणसं ठेवून येऊ का मी?"

शेवटी दोन डिस्क घेतल्या. एक घरी, एक लेकीकडे. दर अमावस्येला अप्पा एसटीने नांदेडला जाऊन अदलाबदल करून येतात. पिशवी मांडीवर. वर ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरशी भांडण ठरलेलं.

राउटर त्यांनी लोखंडी पलंगाखाली ठेवलं. रेंज पलंगाबाहेर पडेना. सराव परीक्षा द्यायला पोरं पलंगाभोवती पालथी पडू लागली. माझं डोकंच फिरलं. "अप्पा, वर लावा, न्हाईतर परत करा!"

अप्पा बाजारात गेले आणि सुतळीचं शिंकं घेऊन आले. घराच्या मधोमध, पत्र्याच्या लोखंडी अँगलला टांगलं, आत राउटर बसवलं आणि बोटाने एक झोका दिला.

"हालंल, पण पडायचं न्हाई. बगा आता."

शेवटच्या खोलीतून पोरं ओरडली, "आलं अप्पा, फुल आलं!" गल्लीतले घरमालक येऊन शिंकं बघून गेले. एकाने तर दुकान कुठलं ते विचारलं, शिंक्याचं. अप्पांची मान अशी ताठ झाली होती की मला हेवा वाटला.

अर्धापूरच्या एका केळीवाल्या पाहुण्याने जुन्या लग्नाचे फोटो पाठवले होते. आमच्या रडक्या नेटवर ते उघडतच नव्हते. आता मी कॉम्प्युटरवर एकेक उघडत गेलो. नवरदेव, मांडव, हळद.

"थांबा सर."

हळदीच्या घोळक्यामागे एक पोरगेलीशी बाई तोंडावर पदर धरून हसत होती. अप्पा स्क्रीनला नाक लागेल इतके वाकले आणि एकदम ओरडले, "सापडली! आमची कमल हाय ही, सर! हाव, तीच हाय!"

पोरं धावत आली. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले, लपवायला जागा नव्हती. फोटो लगेच नांदेडला पाठवला आणि अप्पांनी लेकीला फोन लावला. बराच वेळ पलीकडून नुसतं रडणंच ऐकू येत होतं.

अप्पांनी तिला रडू दिलं. नजर फोटोवरून हलली नव्हती. मग अगदी हळू, नवल वाटल्यासारखे म्हणाले,

"सुमे, तुझ्यापेक्षा लहान हाय गं तुझी माय."