जिराफ खाली सरकला

आपल्या हातून चुकीचं माप कधी सुटत नाही, असं प्रज्ञेश मेश्राम चारचौघांत छाती काढून सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तो चौदा वर्षं इन्स्पेक्शनमध्ये होता. केसाएवढा फरक दिसला तरी तो तुकडा उचलून लाल खोक्यात टाकायचा, आणि वर त्याला वाईटही वाटायचं नाही. कामावर आलेल्या नव्या मुलांना तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचा. "आधी पट्टी तपासायची, मग माल. पट्टीच चुकली, तर दिवसभर इमानदारीने चुका करत बसाल." हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि ते त्याला फार आवडायचं. तुम्हीही ते लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लग्नासाठी मुली पाहतानाही त्याने हीच शिस्त पाळली, म्हणून छत्तिसाव्या वर्षी क्वार्टरमध्ये तो आणि त्याची आई चंद्रभागा असे दोघंच राहत होते. उन्हाळ्यात मात्र घर भरायचं. त्याची बहीण दीपाली सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात नर्स होती. शाळांना सुट्टी लागली की ती दोन्ही मुलींना मामाकडे आणून सोडायची. अक्षता दहा वर्षांची, निकिता सात वर्षांची.

यंदा मुली आल्या त्याच दिवशी मामाने जाहीर केलं, "या सुट्टीत आपण घाटाखालच्या मोठ्या पार्कला जायचं. मेच्या शेवटच्या शनिवारी. नियोजन सगळं माझं. तुम्ही फक्त मजा करायची."

त्या घरातलं आजवर कोणीच असल्या पार्कला गेलं नव्हतं. त्यामुळे मामाने नियोजनात कसूर ठेवली नाही. एक फाईल केली. तिच्यात पार्कचा नकाशा, पाळण्यांची नावं आणि मिनिटामिनिटाचं वेळापत्रक. 'नऊ वाजून दहा मिनिटे, लघवी, सर्वजण' असंही त्यात होतं. त्याची आई म्हणाली, "आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी लागली तर?" त्यावर मामाने फाईल मिटली.

मोठ्या पार्कात रांगेत तासभर उभं राहावं लागतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. म्हणून एका सकाळी त्याने रांगेची तालीम घेतली. दोघी मुलींना पाण्याच्या बाटल्या देऊन जिन्यात उभं केलं आणि मागे स्वतः उभा राहिला. दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई खाली उतरल्या, रांग पाहिली, मागे फिरल्या आणि बादली घेऊन प्रज्ञेशच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी चौघी आल्या. अर्ध्या तासाने मंदाकिनीबाईंनी विचारलं, "टँकर कितीला येणार म्हणाले?" प्रज्ञेशला खरं सांगायचा धीर झाला नाही. "येईल एवढ्यात," म्हणून तो मुलींना घेऊन हळूच घरात सटकला. बाहेर रांग पुढे बराच वेळ टिकून होती.

इथवर सगळं ठीक होतं. मग निकिताने विचारलं, "मामा, मला मोठ्या पाळण्यात बसू देतील ना?"

हा प्रश्न साधा नव्हता. गेल्या वर्षी एका जत्रेत आकाशपाळण्याच्या माणसाने अक्षताला आत घेतलं आणि निकिताला दंडाला धरून बाजूला केलं होतं. दीपालीने अक्षताच्या चपला निकिताच्या हातात दिल्या आणि म्हणाली, सांभाळ. निकिता पूर्ण वेळ चपला छातीशी धरून वर बघत उभी राहिली. घरी आल्यावर तिने शांतपणे सांगितलं होतं, "मी परत कधी चपला सांभाळणार नाही." त्यानंतर सबंध वर्ष ती कुठल्या जत्रेला गेली नाही.

मामाने नियम पाहिला. मोठ्या घसरगाडीला, म्हणजे रोलर कोस्टरला, किमान उंची एकशेवीस सेंटिमीटर. त्याने खिशातून आपली स्टीलची टेप काढली. ती त्याच्या खिशात रुमालासारखी कायम असायची. निकिता भरली एकशेसतरा पूर्णांक चार.

"दोन सेंटिमीटर सहा मिलिमीटर कमी," मामा म्हणाला. "सहा आठवडे हातात आहेत. होऊन जाईल."

"उंची म्हणजे काय कणीक आहे का, मळली की वाढायला?" आई म्हणाली.

मामाने बाजारातून उंची मोजायचा कागदी जिराफ आणला. त्यावरचे आकडे साठपासून सुरू होत होते, म्हणून त्याने टेपने जमिनीपासून बरोब्बर साठ सेंटिमीटर मोजून तो भिंतीला चिकटपट्टीने लावला. जिराफाचे कान वरच्या कॅलेंडरला टेकले. दर रविवारी विहारातून वंदना करून आलं की तपासणी, असं ठरलं. मधल्या दिवसांत दूध, अंडी आणि गॅलरीच्या दांड्याला लटकणं.

आणि निकिता वाढू लागली. पहिल्या रविवारी एकशेसतरा पूर्णांक नऊ. दुसऱ्या रविवारी एकशेअठरा पूर्णांक चार. मामाने आलेखाचा कागद आणला. रेघ अशी सरळ चढत होती की त्याने ती कारखान्यात, मापं तपासायच्या गेज रूममधल्या साहेबांनाही नेऊन दाखवली.

"या गतीने दहावीपर्यंत ती दहा फुटांची होते," मामा म्हणाला.

"मग दार वाढवून घे," आई म्हणाली. थोडं थांबून तिने भिंतीकडे पाहिलं. "काय रे, तुझा जिराफ खाली बसत चाललाय का? त्याचे कान कॅलेंडरला टेकलेले होते. आता मध्ये फट दिसते."

"आई, जिराफ कसा खाली बसेल? कॅलेंडरचं एप्रिलचं पान फाडलं ना, ते हलकं झालं. हलकी वस्तू वर सरकते."

चौदा वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढलेल्या माणसाने हे उत्तर दिलं, यावर विश्वास बसणार नाही. पण आपल्याला हवा तोच आकडा समोर येत असला की कोण पट्टी तपासायला जातो?

शेवटच्या रविवारी निकिता एकशेवीस पूर्णांक दोन भरली. मामाने तिच्या मनगटावर निळ्या पेनने गोल शिक्का काढला, आत 'पास' लिहिलं आणि खाली स्वतःची सही केली. निकिता त्या आठवड्यात उजवा हात बाहेर ठेवून अंघोळ करत होती. अक्षता मात्र त्या शिक्क्याकडे बघायची आणि तोंड फिरवायची. मामाला वाटलं, हिला हेवा वाटत असेल.

शनिवारी सकाळी भाड्याच्या गाडीतून तिघं निघाले. निकिताने शिक्का ड्रायव्हरला दाखवला, पेट्रोलपंपावरच्या माणसाला दाखवला, पार्कच्या दारावर पिशव्या तपासणाऱ्या बाईला दाखवला. मामाने वेळापत्रकानुसार सगळ्यांना पावणेअकराला घसरगाडीच्या रांगेत उभं केलं.

पुढे लाकडी माकड उभं होतं. त्याने एक हात आडवा पसरलेला, आणि त्याखाली 'एवढी उंची हवी' असं लिहिलेलं. निकिता ताठ उभी राहिली. माकडाचा हात तिच्या केसांवरून आरामात निघून गेला.

"सॉरी दादा, कमी आहे," तिथली गणवेशातली मुलगी म्हणाली.

"कमी कशी असेल? मी स्वतः मोजलंय."

"सगळे घरून मोजूनच आणतात."

प्रज्ञेशच्या चौदा वर्षांना हे लागलं. "तुमचं हे माकड शेवटचं कधी तपासलं होतं? त्याचा दाखला आहे? जमीन कदाचित एका बाजूला खचली असेल. साहेबांना बोलवा."

मागून एक आवाज आला, "अहो, मुलगी मोठी होईपर्यंत थांबायचं का आम्ही?"

प्रज्ञेशने खिशातून टेप काढली. रांगेतले लोक माना उंचावून पाहू लागले. त्याने गुडघ्यावर बसून माकड मोजलं. एकशेवीस. एक मिलिमीटर इकडे नाही, तिकडे नाही. मग त्याने निकिताला मोजलं. एकशेअठरा पूर्णांक दोन. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा स्वतःचा श्वास रोखून मोजलं. टेप जुनी आणि खरी होती, ती काही बदलायला तयार नव्हती.

त्याने पास केलेला माल आयुष्यात पहिल्यांदा परत आला होता, आणि तो माल समोर उभा राहून त्याच्याकडे बघत होता.

निकिता रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने बोटाला थुंकी लावून मनगटावरचा शिक्का पुसून पाहिला. तो निघेना. मग ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली आणि अक्षतापुढे हात केला.

"दे. चपला दे."

अक्षताने चपला दिल्या नाहीत. ती जागच्या जागी हुंदके देऊ लागली.

"जिराफ मी सरकवला," ती म्हणाली. "दर शनिवारी. थोडा थोडा. चिकटपट्टी काढून परत लावायचे."

"तू? कशासाठी?"

"ती बसली नसती तर मला एकटीला बसावं लागलं असतं. मला भीती वाटते, मामा. त्या आकाशपाळण्यात मी पूर्ण वेळ डोळे मिटून बसले होते."

निकिता उठून जवळ आली. "पण तू तर म्हणालीस खूप मजा आली."

"तू माझ्या चपला धरून उभी होतीस ना. मला भीती वाटली असं सांगितलं असतं, तर तू उगाचच उभी राहिलीस असं झालं असतं."

निकिताने यावर विचार केला. तिला ते पटल्यासारखं दिसलं.

प्रज्ञेशला कॅलेंडरची फट आठवली आणि कान गरम झाले. पण पट्टीची चूक त्याला त्या क्षणी तितकी टोचली नाही. सहा आठवडे त्याने धाकटीचा मिलिमीटर मिलिमीटर मोजला होता, आणि मोठीला एकदाही विचारलं नव्हतं की तुला बसायचंय का. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मी बसतो तुझ्या शेजारी," तो म्हणाला. "चल."

दोघं जाऊन बसले. वरून लोखंडी दांडा खाली आला. अक्षताच्या बाजूला तो खट्‌ करून बसला, आणि प्रज्ञेशच्या पोटावर येऊन थांबला.

"काका, श्वास सोडा," ती गणवेशातली मुलगी म्हणाली.

"सोडलाय."

"अजून सोडा."

आणखी एक माणूस आला. दोघांनी मिळून दांडा दाबला. प्रज्ञेशने डोळे मिटले, पोट पाठीला लावायचा प्रयत्न केला. खट्‌ काही झालं नाही.

"आता काका बारीक होईपर्यंत थांबायचं का?" मागून तोच आवाज आला.

प्रज्ञेश उतरला. त्याच्या जागी रांगेतली कॉलेजातली एक मुलगी येऊन बसली आणि अक्षताला म्हणाली, "माझा हात घट्ट धर हं. मला जाम भीती वाटते." अक्षताने तिच्याकडे पाहिलं, मग मामाकडे पाहिलं, पायातल्या चपला काढून खाली दिल्या आणि मान हलवली. गाडी सुटली.

बाकावर निकिता आणि मामा शेजारी शेजारी बसले. एक चप्पल तिच्या मांडीवर, एक त्याच्या.

"मामा, तू कितीने कमी पडलास?"

"मी कमी नाही पडलो. जास्त भरलो."

"जास्त पण चालत नाही?"

"नाही. दोन्हीकडे हद्द असते."

निकिताने बराच वेळ त्याच्या पोटाकडे पाहिलं. "तुला वाईट वाटलं?"

"वाटलं."

"मला पण वाटलं होतं," ती म्हणाली आणि थोडी त्याच्याकडे सरकून बसली. वरून गाडी ओरडत गेली. दोघांनी एकदमच वर पाहिलं.

अक्षता परत आली तेव्हा तिचे केस उभे होते.

"कसं होतं?" निकिताने विचारलं.

अक्षताने या खेपेला खरं सांगितलं. "घाण. पोट घशात आलं होतं."

निकिताचा चेहरा असा उजळला की जणू तीच बसून आली होती. त्यानंतर तिघं लहान मुलांच्या सुरवंटगाडीत अकरा वेळा बसले. वेळापत्रकाची फाईल कुठेतरी बाकावरच राहिली. पार्कच्या दारातून बाहेर पडण्याआधी निकिताने मामाच्या खिशातलं पेन मागून घेतलं.

घरी आईने सगळं ऐकून घेतलं. "कॅलेंडर उतरलं का रे खाली?" एवढंच विचारलं आणि पोळ्या लाटायला गेली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गेज रूममध्ये साहेबांनी प्रज्ञेशचा हात धरला. मनगटावर निळा गोल होता, आत वेड्यावाकड्या अक्षरांत 'नापास', आणि खाली 'नि.' अशी सही.

"मेश्राम, हे काय?"

"इन्स्पेक्शन झालं, साहेब. फेरतपासणी पुढच्या मे महिन्यात आहे," प्रज्ञेश म्हणाला. मग डब्यातली चौथी पोळी त्याने साहेबांच्या ताटात ठेवली, खिशातून टेप काढली, आणि कोणी बघत नाही असं पाहून पोटाभोवती गुंडाळली.