लिकोमिदिसची डागडुजी करू नये

आमच्या बेटावर लिकोमिदिस नावाचा एकच माणूस होता आणि तो कॉफीचे दुकान चालवत असे. ग्रीक पुराणात या नावाचा एक राजा आहे, महाकाव्यात एक योद्धा आणि इतिहासात एक मुत्सद्दी. आमच्या लिकोमिदिसला त्याची गंधवार्ता नव्हती. नाव आजोबांचे होते. ते त्याने त्यांच्यासारख्याच मिशा ठेवून निभावले होते.

पुढे दोन विद्वानांत जुंपली. तिघांपैकी आमच्या बेटावरचा लिकोमिदिस कोणता? पुरातत्त्व कार्यालयाने आदेश काढला : निर्णय होईपर्यंत बेटावर या नावाने जे काही अस्तित्वात असेल, ते जैसे थे स्थितीत जतन करावे. शोध घेतला. अस्तित्वात तेवढा तोच होता.

निरीक्षक पोलिक्सेनीबाईंनी त्याच्या खुर्चीभोवती दोरी बांधली आणि पाटी लावली : हात लावू नये.

"माझा नवरा आहे तो!" त्याची बायको अर्गिरो कडाडली. "मी नाही हात लावायचा तर कुणी लावायचा?"

"मऊ ब्रश चालेल, बाई. पाणी मात्र नको."

त्याने मिशांना कलप लावला, तर अनधिकृत रंगकामाबद्दल ताकीद आली. दाढ किडली तेव्हा दंतवैद्याने हात वर केले; भग्न भाग भग्नच ठेवायचा असतो. शेवटी दाढ आपण होऊन पडली आणि कापसात गुंडाळून संग्रहालयात रवाना झाली.

"माझी दाढ अथेन्सला पोचली," लिकोमिदिस म्हणाला. "मी आहे इथंच."

पाहुण्यांनी बोटी भरून येऊ लागल्या. आम्ही घरे भाड्याने दिली. बेकरीवाल्या स्तामातिसने मिशांच्या आकाराची बिस्किटे काढली.

अशात पात्रास शहरातून लिकोमिदिसच्या मुलाचा फोन आला. रविवारी बाळाचा बाप्तिस्मा, आणि रिवाजाप्रमाणे नाव आजोबांचेच. लिकोमिदिस ढसाढसा रडला. पोलिक्सेनीबाईंनी 'ओलावा आढळला' असे वर कळवले.

"मला जायचंय," तो त्यांना म्हणाला.

"पुरावस्तू बेटाबाहेर नेता येत नाही, काका."

"नेतंय कोण? मी माझ्या पायांनी जातोय!"

"म्हणजे वस्तूने स्वतःचीच तस्करी करायची? चोरही तुम्ही, मालही तुम्ही!"

दुसऱ्या दिवशी मुलाचा पुन्हा फोन. "बाबा, रागावू नका. पोराचं नाव दुसरंच ठेवतो. उद्या त्यालाही दोरी बांधली तर?"

लिकोमिदिसने फोन ठेवला. अर्गिरोने पुढ्यात ठेवलेली कॉफी निवून गेली.

शनिवारी निकाल लागला : तिन्ही लिकोमिदिसांचा या बेटाशी काडीचाही संबंध नाही. पोलिक्सेनीबाईंनी दोरी सोडली. "आता तुम्ही कुणीच नाही, काका. अभिनंदन!"

अर्गिरोने त्याला साबण लावून खसाखसा धुतले. "चल, पळ! नाव अजून पडलं नाहीये."

धक्क्यावर आम्ही सगळे उभे होतो.

"ऐन हंगामात निघालास?" स्तामातिस कळवळून म्हणाला. "आमचं काहीच कसं वाटत नाही रे तुला?"

"माझा नातू आहे रे!"

"नातू काय, पुढच्या वर्षीही असेल."

सरकारची गाठ सैल होती. आमची कोळ्यांची, सुटणारी नव्हे. बोट एकट्या अर्गिरोला घेऊन सुटली. बाळाचे नाव काय ठेवले, ते आम्ही विचारले नाही.

या उन्हाळ्यात इकडे आलात तर त्याला जरूर बघा. तो "मला सोडा" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका. पाहुण्यांना त्याची फार गंमत वाटते. तुम्हीही आत्तापर्यंत हसतच होतात की.