किसनकाकांची सहावी सवारी

किसनकाका कॉम्प्युटरसमोर कधी बसले नाहीत. खुर्ची असायची, चांगली गादीची, मालकांनी नांदेडहून आणलेली. तरी काका उभेच. डावा हात खिडकीच्या गजाला अडकवलेला, पाय जरा फाकवलेले आणि उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. पडद्यावरची वाट डावीकडे वळली की काकांचं अख्खं शरीर उजवीकडे झुकायचं, सरळ वाट लागली की पुन्हा ताठ. ह्यांना चक्कर येतेय असं समजून पहिल्या दिवशी मी धावत जाऊन पाणी आणलं होतं.

चक्कर वगैरे काही नव्हती. काका एसटीत कंडक्टर होते आणि सारी नोकरी उभ्यानं झाली होती. रिटायर झाल्यावरही पाय ऐकत नव्हते. "बसलं की गाडी थांबल्यावानी वाटतंय, बाई," म्हणायचे. "लय बेजार व्हतो जीव."

मी तेव्हा परभणीत स्टेशन रोडला कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. चालवायचे म्हणजे मालक नांदेडला आणि इथं सगळा संसार माझ्या गळ्यात. दोन खोल्या, चार मशीन, त्यातलं धड एकच. नामांतराच्या चळवळीची ती वर्षं. आज मोर्चा, उद्या बंद, परवा कुणाची सभा. असल्या दिवशी पोरं फिरकायची नाहीत आणि मला तर रिकामं बसण्याचा मनस्वी तिटकारा. काका मागच्या गल्लीत एकटे राहायचे. रस्त्यावर गाड्या नसल्या की ते घरात टिकायचे नाहीत. क्लासच्या दारात येऊन चौकटीला हात लावून विचारायचे, "आज तुमची गाडीबी डेपोतच का?"

ह्या दोन अस्वस्थ जिवांची गाठ पडली ती एका खेळामुळे. कुणाच्या तरी मावसभावानं पुण्याहून आणलेल्या दोन फ्लॉप्यांवर भुयाराचा एक खेळ होता. त्याची रीत अशी. वर एक गाव, गावात एक धर्मशाळा आणि एक देऊळ. आपण सहा माणसं तयार करायची. कुणी लढणारे, कुणी मांत्रिक, कुणी पुजारी. त्यांना घेऊन गावाखालच्या भुयारात उतरायचं. भुयाराचे मजल्यामागून मजले आणि सगळ्यात खाली एक दुष्ट जादूगार, त्याला मारायचं.

सांगायला सोपं आहे. खेळताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. चित्र म्हणजे काळ्या पडद्यावर चार हिरव्या रेघा. भिंत तीच, दार तेच, बोळही तोच. नकाशा नाही. मांत्रिक एक मंत्र म्हणायचा आणि दमून दिवसभर निरुपयोगी व्हायचा. मध्येच एखादी फरशी अशी असायची की तिच्यावर पाय पडला की आपलं तोंड गुपचूप भलत्या दिशेला फिरायचं, आणि आपण खुशाल उलटे चालत राहायचं. सगळ्यात जीवघेणी गोष्ट म्हणजे खेळ जपून ठेवायची सोय फक्त वर, धर्मशाळेत. भुयारात असताना लाईट गेली की सहाही माणसं तिथंच राहिली. परभणीत लाईट कधी जाईल हे तर प्रत्यक्ष लाईट खात्यालाही ठाऊक नसायचं. माझ्या दोन तुकड्या अशाच गाडल्या गेल्यावर मी फ्लॉपी कचऱ्यात टाकायला निघाले होते.

काकांनी ती माझ्या हातातून घेतली. "सवाऱ्या हायेत त्यात," म्हणाले. "फेकू नगा."

काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ओळ आली की मी वाचायची आणि निर्णय काका घ्यायचे. थोड्याच दिवसांत त्यांनी त्या भुयाराची एसटी करून टाकली. धर्मशाळा म्हणजे डेपो. देऊळ म्हणजे वर्कशॉप, कारण मेलेलं माणूस तिथं पुजाऱ्याच्या मंत्रानं उठायचं. मजला म्हणजे टप्पा. वळणांना त्यांनी आपल्या जुन्या रस्त्यांवरची नावं दिली आणि ती त्यांच्या डोक्यात पक्की बसली. जिथं दोन बोळ फुटायचे तो पोखर्णी फाटा. जिथं नेहमी राक्षसांची गर्दी असायची तो सोनपेठचा बाजार. शर्टाच्या खिशात त्यांचा तिकिटं टोचायचा जुना पंच असायचा. तो खिडकीच्या गजावर दोनदा वाजवल्याशिवाय पुढं जायची कळ दाबायची नाही. डबल बेल. थांबायचं असलं की एकदाच.

दार आलं की लाथ मारून आत घुसायचं, हा खेळाचा नियम. काकांना तो मुळीच मान्य नव्हता.

"आतले आधी उतरू द्या की," ते म्हणायचे आणि दारापुढं थांबायचे.

"काका, आत राक्षस आहेत!"

"असू द्या. उतरणारांला आधी वाट द्यायची असती."

मग राक्षस खरंच उतरायचे आणि आमच्या माणसांना बडवून काढायचे.

पण खरा घोळ घातला तो चोरानं. असल्या खेळात सहापैकी एक चोर ठेवावाच लागतो. भुयारातल्या पेट्यांना फास लावलेले असतात आणि ते चोरालाच काढता येतात. काकांनी हे ऐकलं आणि पंच टेबलावर आपटला.

"पाकीटमार? गाडीत? मी सोता बसवून घेऊ? बाई, उभा जन्म गेला माजा ह्यायला गाडीतून उतरवण्यात."

त्यांनी पाचच माणसं घेतली. पाचही त्यांच्या वालूरच्या गाडीतल्या रोजच्या सवाऱ्या. बायजाबाई दूधवाली पुजारीण झाली, कारण तिचा आशीर्वाद लागतो म्हणे. एक मास्तर मांत्रिक झाले, तेही दिवसातून एकदाच कामाला येतात म्हणून. त्यानंतर महिनाभर आमच्या तोंडावर पेट्या फुटत राहिल्या. कधी विषारी धूर, कधी बाण. बायजाबाईचा सगळा आशीर्वाद मलमपट्टीत संपायचा. मी चिडून चिडून दमले.

शेवटी एका बंदच्या दुपारी काका घसा खाकरून म्हणाले, "घ्या एक. पर माज्या नजरेसमोर ऱ्हाईल असा."

"नाव काय देऊ?"

"गणप्या." हे नाव फार शोधावं लागलं नाही. गणप्या हा त्यांच्या रस्त्यावरचा खराखुरा पाकीटमार होता. काकांनी त्याला कितीदा पकडलं आणि कितीदा हात जोडायला लावून सोडलं, ह्याच्या कहाण्या मी ऐकल्याच होत्या. "रांगेत कुटं उभा हाय त्यो?" काका दर दोन पावलांनी विचारायचे. "मास्तरच्या मागं नगा ठिवू. मास्तर बावळट हाय."

गणप्यानं मात्र काम चोख केलं. पेट्या फुटायच्या थांबल्या. आम्ही खाली खाली उतरू लागलो, आणि खरं सांगते, त्या हिरव्या रेघांत मी आता अडकले होते. खेळ काहीच दाखवत नव्हता, म्हणून सगळं आपणच बघायचं. बायजाबाईची चरवी मला दिसायची, मास्तरांचं धोतर दिसायचं. पुढं मी झकपक रंगांचे खेळ पुष्कळ पाहिले, पण त्यातल्या कुणाची मला कधी काळजी वाटली नाही.

मग मालकांचा निरोप आला. नवी मशीनं येताहेत, जुनी उद्या सकाळी टेम्पोतून नांदेडला पाठवा. नव्या मशीनला छोट्या फ्लॉप्या लागतात, आमच्या ह्या मोठ्या त्यात बसणार नव्हत्या. म्हणजे आजचा शेवटचा दिवस. मी काकांना म्हटलं, आज जादूगाराला गाठायचंच. दुपारीच आम्ही उतरलो आणि भराभर चौथ्या टप्प्यावर पोचलो. तिथल्या एका पेटीचा फास काढताना गणप्याचा हात चुकला आणि तो मेला.

मी घड्याळ बघितलं. एरवी लाईटचा भरवसा नसला तरी त्या दिवसांत संध्याकाळी सहाला ती जायचीच, तेवढं एक नक्की होतं. "सोडा त्याला काका. जादूगार दोन मजले खाली आहे. मेलेल्याला वागवत बसलो तर ना हे होईल ना ते."

काकांनी पंच एकदाच वाजवला. सगळे थांबले.

"माघारी," ते म्हणाले. "देवळात न्यायचा."

"अहो, चोर तर होता! तुम्हीच घेत नव्हता त्याला!"

"तिकीट काढलंय त्यानं." माझ्याकडे न बघता ते बोलले. "तिकीट काढलेली सवारी मधी टाकायची नसती."

"आणि जादूगार?"

"त्येचं त्यो बगंल. त्येनं कुटं तिकीट काढलंय?"

मला खूप राग आला. इतक्या महिन्यांची मेहनत आणि हे म्हातारे एका पाकीटमारासाठी गाडी वळवताहेत. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पडद्यावरची ओळ वाचायला घेतली. गजावर दोनदा ठक ठक झालं आणि आम्ही परत फिरलो.

परतीची वाट महाकठीण. बायजाबाईचे आशीर्वाद संपले होते. मास्तर उतरतानाच दमले होते. तिसऱ्या टप्प्यावर ती दिशा फिरवणारी फरशी लागली. "गाडी कुनी वळवली?" म्हणत काका डोळे मिटून उभे राहिले, मनातल्या मनात रस्ता लावला आणि उलटे फिरले. बरोबर होतं. फ्लॉपी आतून करकर वाजायला लागली होती, कधी मान टाकेल ह्याचा भरवसा नव्हता. मी खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. घड्याळाकडे, पडद्याकडे, पंख्याकडे. पंखा फिरतोय म्हणजे लाईट आहे.

"एवढं काय आहे हो त्या गणप्याचं?" शेवटी मी विचारलंच.

काकांचं बोट थांबलं नाही. कळ दाबत दाबतच बोलले.

"गया गेली तवा मी वालूरला व्हतो. मुक्कामी गाडी. रात्री गाडी तितंच, आमीबी तितंच. सकाळी गाडी भरली, निघायच्या वक्ताला एका जीपवाल्यानं निरोप दिला. बायको गेली म्हून." ठक ठक. वळण. काका झुकले. "बाजाराचा दिस. टपावर गठुडी, आत माणूस माणसावर. दुसरा कंडक्टर कुटून आनावा? दिली डबल बेल. हरेक फाट्याला थांबलो, तिकिटं फाडली, एका म्हातारीला हात धरून उतरवलं. सारे पोचले. एकबी माणूस ऱ्हायला न्हाई." पुढच्या बोळात राक्षस नव्हता, तरी काका थबकले. "उमर गेली, लोकायची माणसं घरी पोचवली. माजं माणूस मातर माज्या गाडीत नव्हतं."

मी वर बघितलं. पंखा फिरत होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"ह्या खेळाला तुमी रोज शिव्या देताव," काका म्हणाले. "खरं हाय, लय छळतोय. पर एक सोय लय चांगली हाय ह्याच्यात. मेलेलं माणूस नुसतं देवळापोत्तर न्यायचं. एवढं सोपं कुटं असतंय, बाई?"

सहाला थोडा वेळ असताना आम्ही वर गावात निघालो. देवळात गेलो. पण तिथं एक गोम होती आणि ती त्यांना सांगणं भाग होतं. पुजारी मंत्र म्हणतो, पण दर वेळी माणूस उठतोच असं नाही. कधीकधी त्याची राख होते.

"हूं दे," काका म्हणाले. "देवळापोत्तर आनायचं काम माजं. आनलं."

त्यांनी बोट कळेवर ठेवलं आणि काढलं. पुन्हा ठेवलं. मग दाबलं. फ्लॉपी करकरली. पुजाऱ्याच्या मंत्राची ओळ एकेक अक्षरानं पडद्यावर उमटू लागली. मी देवबिव मानणारी नाही, पण त्या क्षणी एका हिरव्या अक्षरांच्या पाकीटमारासाठी मी हात जोडून उभी होते, हे मला नंतर कळलं.

शेवटची ओळ आली. मी ती वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"काय म्हनायलाय?" काका ओरडले. "राख का?"

"उठला," मी म्हटलं. "काका, गणप्या उठला."

काकांनी जल्लोष वगैरे काही केला नाही. पडद्याजवळ वाकले आणि बोट ठेवून एकेक नाव मोजलं, गाडी सुटण्याआधी मोजतात तसं. गणप्यावर बोट अंमळ जास्त टेकलं. मग सगळ्यांना धर्मशाळेत नेलं. खेळ जपून ठेवला गेल्याची ओळ आली, मी ती वाचून दाखवली. काकांनी पंच गजावर एकदा वाजवला. एकच.

थोड्या वेळानं पंखा मंदावला आणि थांबला. पडदा काळा झाला. बाहेर अजून उजेड होता. खिडकीतून स्टेशनकडे जाणारे टांगे दिसत होते. काकांनी हातातल्या पंचाकडे पाहिलं, तो शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशावरून हात फिरवला.

"घरी बी मोजतो मी," ते म्हणाले. "दार लावताना. सवयच हाय हाताला. एकच भरतंय, बाई. त्येबी मीच."

मला त्यांची इतकी माया आली की डोळे भरून आले, आणि ते लपवायची गरजही वाटली नाही.

काकांनी गजावरचा हात काढला. गादीच्या खुर्चीकडे वळले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखं पाहिलं.

"जरा बसतो," म्हणाले.

"बसा की, काका," मी म्हटलं आणि शेजारची खुर्ची ओढली.