हरिबा मिस्त्रींनी स्लॅबमध्ये घातलेले धागे

हरिबा मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे नाही, गोण्यांकडे बघायचे. खताची, सिमेंटची, पेंडीची रिकामी प्लास्टिकची गोणी दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. कडेचा एक धागा उसवायचे, दोन्ही हातांना गुंडाळून हिसका द्यायचे आणि विचारायचे, “धरतंय का?” उत्तरही तेच द्यायचे. “धरतंय!” मग गोणीची घडी सायकलच्या कॅरिअरला.

एकदा शेजारच्या काकूंनी गोणीवर बाजरी वाळत घातली होती. मिस्त्रींनी बाजरीचा ओट्यावर नीट ढीग लावला आणि गोणी नेली. काकू भांडायला गेल्या, तर म्हणाले, “काकू, बाजरी दाणा न् दाणा तुमचीच हाय. गोणी कुठं तुम्ही पेरली होती?”

त्या गोण्यांचे धागे ते काँक्रीटमध्ये घालायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “माझी माय भिंतीच्या चिखलात काड घालायची. कशाला? भेग पडली तर वाढू न्हाई म्हणून. काड कुजती. हे कुजत न्हाई. सरकारही म्हणतं प्लास्टिक जाळू नका. मग मी काय वाईट करून राहिलो?”

लोक हसायचे. एका ठेकेदाराने तर मालात कचरा घालतो म्हणून त्यांना कामावरून काढलं होतं. तेव्हापासून मोठं काम त्यांना कोणी देत नव्हतं. कुठे संडास, कुठे पाण्याची टाकी, एवढंच.

तेव्हा लातुरात ज्याच्या त्याच्या घरावर खोली चढत होती. कंधार, भोकर, कुठून कुठून मुलं क्लासला यायची आणि खोल्या पुरत नव्हत्या. आम्हीही वर एक खोली बांधायला काढली. मिस्त्री मजुरी कमी घेतात म्हणून आमच्या ह्यांनी त्यांनाच काम दिलं. हे डाळ मिलमध्ये मशीनवर असायचे, बोलणं मशीनसारखंच. म्हणाले, “मिस्त्री, एक सांगून ठेवतो. माझ्या घरात तुमचा कचरा घालायचा नाही.”

मिस्त्री हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी हे मिलला गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. “वैनी, वर लोकाची लेकरं झोपणार. आपल्या भरवशावर. लोखंडी कांबी जेवढ्या लागतात तेवढ्या घालतो, एक कमी न्हाई. त्याच्यावर हे धागे. मला एकट्याला कापून व्हायचे न्हाईत.”

मी भाजीवाल्याशीसुद्धा मान हलवूनच बोलते. तशीच मान हलवली.

आठ दिवस दुपारी दार लावून मी धागे कापले. दोन बोटं लांब, जास्त नाही, कमी नाही. धुतले, वाळवले, पिठाच्या डब्यात दाबून भरले. स्लॅबच्या दिवशी हे मजुरांना पाणी द्यायला खाली आले की मिस्त्री वर मालात मूठ-मूठ धागे सोडायचे. दिवस तसाच पार पडला.

तीन आठवड्यांनी स्लॅबखालच्या फळ्या काढल्या. ह्यांनी वर पाहिलं. सगळ्या छताला बारीक पांढरे धागे लोंबत होते.

“हे काय? स्लॅबला केस आले?”

मजूर हसले. हे हसले नाहीत. शिडीवर चढले, एक धागा चिमटीत धरून ओढला. त्याच्याबरोबर वाळूचे चार कण आले.

“मिस्त्री, उद्या हा स्लॅब फोडतो. आणि साऱ्या गावात सांगतो. लातुरात तुमच्या हातात पुन्हा कोणी थापी दिली तर नाव बदलीन.”

मिस्त्री थापी पुसत होते, पुसतच राहिले. “चूक माझी हाय, भाऊ.”

“एवढे धागे कापले कोणी?”

“मीच.”

“खोटं! दिवसभर इथं काम, कापले कधी? कोणाला धरलं होतं हाताशी?”

“कुणाला न्हाई. वैनीला तर काहीच ठाऊक न्हाई.”

माझं नाव कोणी काढलंच नव्हतं. हे हळूच जिन्याकडे वळले. मी तिथं चहाचा ट्रे घेऊन उभी होते. मिस्त्री माझ्याकडे बघून मान हलवत होते, नका, नका. इथं गप्प राहिले असते तर माझं काहीच बिघडलं नसतं. एक म्हातारा कामाला मुकला असता, एवढंच.

“मी कापले,” मी म्हणाले.

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू खांबच बोलला.

मग मिस्त्री पाण्याच्या टाकीकडे गेले आणि दोन ठोकळे काढून आणले. स्लॅबच्या दिवशीच त्याच मालाचे केले होते, एकात धागे, एक कोरा. “फोडायचंच तर आधी हे फोडा, भाऊ. मग स्लॅब.”

ह्यांनी घण उचलला. राग होताच. कोरा ठोकळा एका घावात फुटला. तुकडे भिंतीवर गेले, एक बादलीत पडला. दुसऱ्यावर एक घाव, दोन, तीन. भेगा पडल्या. चौथ्या घावाला तो मधोमध फाटला, पण वेगळा होईना. ह्यांनी एक तुकडा उचलला, तर दुसरा धाग्यांना लोंबकळत वर आला.

“जड घर पेलायला कांबीच पायजेत,” मिस्त्री म्हणाले. “हे लई काही करत न्हाई. तुकडा थोडा वेळ धरून ठेवतं. माणूस बाहेर पळंल, एवढाच वेळ.”

ह्यांनी घण खाली ठेवला. “चुना मारून घ्या,” म्हणाले. “केस दिसले नाही पाहिजेत.” माझ्याशी मात्र चार दिवस बोलले नाहीत. माझ्यासारखीशी न बोलून कोणाचं काय साधणार!

जूनमध्ये कंधारची एक मुलगी राहायला आली. सोबत वडील, ट्रंक आणि पुस्तकांची पेटी. त्याच सकाळी मिस्त्री न बोलावता आले. त्यांनी तिची खाट भिंतीपासून ओढून दाराजवळ लावली आणि म्हणाले, “पोरी, खाटंवर पड. मी हात वाजवला की गच्चीवर पळायचं. पुस्तक घ्यायचं न्हाई, चप्पल घ्यायची न्हाई.”

मुलगी लाजली, वडील हसले. पण ती पडली. मिस्त्रींनी हात वाजवला आणि आकडे मोजायला लागले. ती बाहेर आली तेव्हा सात झाले होते.

“लई झाले. पुन्हा.”

दुसऱ्यांदा पाच. वडील म्हणाले, “मिस्त्री, तिला डॉक्टर करायचंय, पोलीस नाही.” मिस्त्री हसले नाहीत. “पुन्हा.”

तिसऱ्यांदा चार. मुलगी धापा टाकत होती, पण तिलाही आता चेव आला होता. “अजून एकदा, आजोबा.” चौथ्यांदा ती पळत आली ती थेट त्यांच्या अंगावरच आदळली. मिस्त्री तीनवर थांबले होते. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

“भूकंप झाला त्या राती मी नांदेडला लोकाचं घर बांधत होतो,” ते म्हणाले. बोलत होते माझ्याशी, बघत होते दाराकडे. “इकडं आमचं घर पडलं. लेक उंबऱ्यापाशी सापडली, वैनी. बाहेर पडायला दोन हात ऱ्हायले होते.”

मुलीला काही कळलं नसावं. ती म्हणाली, “आजोबा, तीन चालतात ना?”

“चालतात,” मिस्त्री म्हणाले. “जा, अभ्यास कर.”