वादळाची शेळी

हे लिहिणारच नव्हतो. आमच्या लाँड्रीवाल्याला कळलं तर माझे शर्ट तो भोकं पाडून परत करील. पण पोटात राहत नाही, म्हणून सांगून टाकतो.

लाँड्रीवाल्याचा जिवलग दोस्त शर्यतीच्या तबेल्यात मोतद्दार. वादळ नावाच्या घोड्याचं खाणंपिणं, खरारा, सगळं त्याच्याकडे. वर्षातून एकदा तबेला लोकांना बघायला खुला ठेवतात. त्या दिवशी लाँड्रीवाला पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"आज मालकीणबाई येतायत," दोस्त घाईघाईत म्हणाला. "वादळ शांत राहिला तर पुढच्या रविवारच्या मोठ्या शर्यतीला मी जाणार त्याच्याबरोबर. नाहीतर दुसरा माणूस. तू बघत बस, मी खोगीर घेऊन येतो."

लाँड्रीवाला बघत बसला. तेवढ्यात वादळाच्या दारातून एक शेळी बाहेर आली, आणि सरळ पुढचे दोन्ही पाय त्याच्या छातीवर! चिखलाचे दोन ठसे. वर खिशातला रुमाल ओढून चघळायला लागली.

"अरे, हा काय प्रकार आहे?" लाँड्रीवाला कडाडला. "घोडे दाखवायला बोलावता आणि शेळ्या अंगावर सोडता? कुणी आहे का इथे?"

कुणी नव्हतं. त्याचं डोकं फिरलं. सकाळी अर्धा तास त्या कॉलरवर घालवला होता त्याने! शेळीला काखोटीला मारलं, तिच्या लाथा खात फाटकापर्यंत नेलं आणि तिथल्या झाडू मारणाऱ्याच्या हवाली केलं. "घाण आत येऊ देऊ नका!" असा दम देऊन तो परतला.

परत येतो तर वादळाने दार लाथांनी खिळखिळं करायला घेतलेलं. माणसं पळतायत. दोस्ताच्या हातातलं खोगीर खाली पडलं.

"ठमी कुठाय?"

"कोण ठमी?"

"शेळी रे! तिच्याशिवाय तो घास खात नाही, झोपत नाही. जिवाभावाची सोबतीण आहे ती त्याची!"

"मग पाटी लावायची ना तशी!" लाँड्रीवाला उसळला. "मला काय स्वप्न पडणार होतं?"

दोस्त फाटकाकडे पळाला. लाँड्रीवाला तावातावाने दारापाशी गेला, घोड्यालाच चार शब्द सुनवायला. तर वादळाने मान बाहेर काढली, त्याचा शर्ट हुंगला, आणि चिखलाच्या ठशांवर नाक टेकून गप्प उभा राहिला. लाँड्रीवाला एक पाऊल मागे सरला की धाड! लाथ. पुढे आला की शांत.

नेमक्या तेव्हाच मालकीणबाई आल्या.

"हे कोण?"

"बदली माणूस," लाँड्रीवाला दात खात म्हणाला. "शेळी रजेवर आहे."

बाई हसल्या. "ठीक आहे. घोडा खूश, मी खूश. मोतद्दाराला सांगा, रविवारी तोच जाईल. पण घोडा असाच शांत हवा हं."

त्या पुढे गेल्या आणि दोस्त शेळी घेऊन आला. शेळी लखलखत होती. झाडूवाल्याने दम मनावर घेऊन तिला घोड्यांच्या शाम्पूने दोनदा घासून काढलं होतं. वादळाने तिला हुंगलं, तो शिंकला, आणि त्याने पाठ फिरवली.

"आता आठवडाभर हिच्या अंगाला हिचा वास यायचा नाही," दोस्त म्हणाला. मग हळूच त्याची नजर शर्टावर गेली.

"नाही," लाँड्रीवाला म्हणाला. "अजिबात नाही."

दोस्ताने वादळाची खुंटी मोकळी केली. हात पुढे केला.

पाच मिनिटांनी शर्ट वादळाच्या खुंटीवर लटकत होता आणि लाँड्रीवाला बनियनवर उभा होता. येणारेजाणारे घोडा सोडून त्यालाच बघत होते.

"निदान कॉलरवर तरी इस्त्री फिरवतो."

"हात लावायचा नाही!"

लाँड्रीवाल्याने त्या ठशांकडे पाहून डोळे घट्ट मिटले.

"बरं. शब्द देतो तुला," तो म्हणाला. "रविवारपर्यंत या शर्टाला पाण्याचा थेंब लागणार नाही. आणि तुझ्या ठमीला पुन्हा कुणी साबण लावला ना, तर त्याची गाठ माझ्याशी आहे!"