शमुवेलमामांच्या तीन खेपा

शमुवेलमामा दोन माणसं घेऊन दारात उभे राहिले की ओळखायचं, आदल्या दिवशी ते एकटे येऊन गेले होते आणि आपण त्यांचं ऐकलं नव्हतं.

चौसाळ्यातली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. पत्र्याचं चर्च आणि थोडी घरं. मामा मंडळीचे वडील, म्हणजे पाळकसाहेबांच्या खालोखाल. येशूनं सांगितलंय, भाऊ चुकला तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांग. नाही ऐकलं तर एकदोघांना ने. तरीही नाही, तर मंडळीपुढं मांड. आम्ही हे वाचलं होतं. मामा ते करायचे.

माझ्या शेळीनं त्यांची जास्वंद खाल्ली तेव्हा ते एकटे आले. पुन्हा खाल्ली तेव्हा दोघांना घेऊन आले.

"मामा, शेळी मंडळीची सभासद हाय का?" मी विचारलं.

"शेळी न्हाई. तुमी हाव की. मागून बोलायचं न्हाई. तोंडावर बोलायचं, पर हळू."

याकोब बेसूर गातो, हे प्रकरण तर त्यांनी मंडळीपर्यंत नेलं. याकोबसकट सगळे हसले. मामा गंभीरपणे त्याचा हात धरून म्हणाले, "गा. पर मागं बसून गा."

मग एका सकाळी त्यांची सून रूथ मोडलेला हात फडक्यानं गळ्यात अडकवून त्यांच्या दारात आली. मामांचा मुलगा दाविद दोन गल्ल्या पलीकडं वेगळा राहायचा. मारत तो आधीपासूनच होता, हाड या वेळी मोडलं.

मामा एकटे गेले. "कावून मारलंस?" म्हणाले. दाविद म्हणाला, "आमचं नवरा-बायकोचं हाय." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि पाळकसाहेबांना सोबत नेलं. आम्हाला बघून दाविद हसला. "शेळीचं भांडण हाय का हे, बाबा?"

मामा आल्या पावली मागं फिरले.

परतताना पाळकसाहेब म्हणाले, "मामा, घरातली गोष्ट आहे, घरातच राहू द्या. रूथला समजावू. क्षमा करायला हवी."

"क्षमा मागाया आलाय का त्यो?" मामा थांबले. "फुलासाठी म्या लोकाच्या दारात गेलो. पोरीच्या हाडासाठी गप बसू?"

रविवारी उपासनेनंतर ते उभे राहिले. दाविद मागच्या बाकावर होता.

"माझा दाविद बायकोला मारतो. तिचा हात मोडलाय. त्याला पस्तावा न्हाई. पस्तावा होईस्तोर त्याला प्रभुभोजन देऊ नगा. आन् रूथला परत जा म्हनून कुणी सांगू नगा."

प्रभूच्या भाकरीत आणि प्याल्यात वाटा नाही, म्हणजे मंडळीबाहेरच. दाविद उठून निघून गेला. सोमवारी रूथबरोबर पोलीस ठाण्यातही मामाच गेले.

रूथ सासऱ्याकडं राहिली, शिवणकाम करू लागली. दाविद सिरसाळ्याला गेला. पोटच्या पोराला चारचौघांत उघडं पाडणारा बाप, असं लोक बोलायचे. तेही मागून. मामांनी मग कुणाच्याच दारात जाणं सोडलं. त्यांची बायको कधीच वारली होती. घरी बोलायला रूथ, आणि तिच्याशी दाविदबद्दल बोलणार कसं?

परवा एका लग्नासाठी सिरसाळ्याला गेलो. एका बंद खोलीच्या पायरीवर मामा बसलेले दिसले. दाराशी बोलत होते.

"तुरी बऱ्या हायत औंदा. याकोबला नात झाली. लई गोरी हाय."



"दर बाजाराला येतंय म्हातारं," शेजारीण मला म्हणाली. "पोरगं आतच असतंय. दार उघडत न्हाई."

जरा वेळानं मामांनी दारावर तळहात टेकवला. "येतो रे," म्हणाले आणि उठले.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. मला राहवलं नाही. "मामा, घेऊन टाकायचं का त्याला मंडळीत परत?"

"न्हाई. पस्तावा कुठं झालाय अजून?"

त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं. मग माझ्याकडं वळले.

"खोकला वाढलाय त्याचा. तुमी ऐकला का?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.