तिसऱ्या रांगेची किंमत

या, असे जवळ या. पुढच्यांनी जरा सरकून घ्या, मागच्यांना जागा द्या. कुणी कोपऱ्यात अंग चोरून बसू नका. आज एका मोठ्या गाडीची गोष्ट सांगणार आहे, आणि गाडीहून मोठ्या फजितीची. पोटभर हसा, माझी ना नाही. पण हसता हसता कुठे टाचणी टोचली, तर मला बोल लावू नका. ती आधी मलाही टोचली आहे.

एका मोटार कंपनीत एक साहेब होते. ते गाड्या बनवत नसत, विकत नसत, दुरुस्त तर मुळीच करत नसत. गाडीची किंमत किती असावी आणि ती बाजारात कुणाच्या शेजारी उभी राहावी, एवढंच ते ठरवत. ऑफिसात त्यांना सगळे 'भावसाहेब' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग त्यांनाच आवडायला लागलं म्हणून तोंडावर म्हणू लागले.

"माणूस दारातून आत आला ना," भावसाहेब छाती पुढे काढून सांगत, "की त्याच्या बुटांवरून सांगतो, हा किती लाखांपर्यंत ताणेल! मला माणसं वाचता येतात!"

देवाने ऐकलं असणार. तो असली वाक्यं बरोबर ऐकतो.

कंपनीची नवी गाडी येणार होती. सात जणांची, उंचीपुरी, छपराला एवढी मोठी काच की आत बसल्यावर आभाळ आपल्याच नावावर असल्यासारखं वाटावं. भावसाहेबांचा बेत पक्का होता. "बाजारात दोन टोकं आहेत," ते म्हणत. "खालच्या टोकाला स्वस्त सात-सीटर, त्यात माणसं पोत्यांसारखी भरतात. वरच्या टोकाला परदेशी गाड्या, त्यांची किंमत विचारतानाच धाप लागते. मधली पायरी रिकामी आहे! तिथे आपण! एकोणचाळीस लाख नव्वद हजार!"

हा आकडा मंजूर झाला, तर विभागाचं प्रमुखपद त्यांचं होतं. कंपनीच्या मोठ्या बाईंनी तसा शब्दच दिला होता. मंजुरीची बैठक होती साडेअकराला. पण त्याआधी, दहा वाजता, एक चाचणी होती.

ही चाचणी म्हणजे काय, ते सांगतो. बाहेरचं एखादं अनोळखी कुटुंब बोलवायचं, त्यांचे मोबाइल पेटीत ठेवून घ्यायचे, गळ्यात नंबराची फीत अडकवायची आणि झाकलेली गाडी उघडून आत बसवायचं. मग विचारायचं, "किती द्याल?" नाव नाही, गाव नाही, फक्त नंबर. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक चालत नाहीत, हा नियम. नियम लिहिला होता खुद्द भावसाहेबांनी!

आणि त्याच दिवशी सकाळी आठ वाजता, अशी कुटुंबं पुरवणाऱ्या एजन्सीचा फोन आला. ठरलेलं कुटुंब येत नव्हतं. त्यातल्या आजोबांना प्रेशर कुकरच्या जाहिरातीत काम मिळालं होतं!

भावसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन पिढ्यांची सात माणसं दोन तासांत कुठून आणायची? त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि समोर पाहिलं. आई होती. बायको होती. दोन मुलं होती. बायकोचा भाऊ आणि त्याची बायको मुक्कामाला आलेलीच होती. आणि खिडकीशी, चष्मा कपाळावर चढवून, सुईत दोरा ओवत वडील बसले होते. आप्पा.

सात!

"ऐका सगळे!" भावसाहेब म्हणाले. "आज तुम्ही मला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखत नाही. मला 'साहेब' म्हणायचं. कुणी विचारलं तर आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असं सांगायचं. माझी नोकरी आहे!"

"म्हणजे आम्ही कोण?" बायको म्हणाली.

"अनोळखी कुटुंब."

"मग नवरा कोण?"

"तुझा भाऊ होईल ना घरातला कर्ता. मी नाहीच."

"एरवी तरी कुठे असतोस!" आई म्हणाली.

आप्पांनी दोऱ्याला गाठ मारली. हे आप्पा चाळीस वर्षं बसगाड्यांच्या सीटच्या गाद्या शिवत. त्यांच्या शिलाईवर किती लोक बसून कुठे कुठे गेले, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. बोलणं कमी, ऐकणं जास्त.

"आप्पा, तुम्हाला कळलं ना?" भावसाहेबांनी विचारलं.

"कळलं की. तुला ओळखायचं नाही."

"आणि गाडीत कशाला हात लावायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. काहीही झालं तरी!"

"बरं, बाळा."

"बाळा नाही, साहेब!"

"बरं, साहेब."

चाचणी झकास झाली! मेव्हण्याने तर असा कर्ता पुरुष उभा केला की भावसाहेबांनाच हेवा वाटला. पुढच्या सीटवर रेलून तो म्हणाला, "चाळीसला घेऊ! दोन घेऊ!" आणि काचा वरखाली करून पाहिल्या. तिसऱ्या रांगेत आप्पा आणि नात. मधली सीट पाडल्याशिवाय तिथे जाता येत नव्हतं, आणि ती पाडायची कळ फक्त बाहेरच्या बाजूला होती. हा नमुना होता. आतली कळ नंतर बसणार होती.

"उतरा, उतरा, वेळ झाली!" घाई उडाली. नात माकडासारखी सीटवरून उडी मारून बाहेर आली. मधली सीट खाडकन जागेवर बसली. दारं मिटली. नोंदणीच्या बाईंनी दारात फिती मोजून घेतल्या. एक, दोन, तीन... सात. मोजणी चोख! फक्त एवढंच की सात नंबरची फीत आजोबांनी हौसेने नातीच्या गळ्यात घातली होती, तिच्या स्वतःच्या फितीवर.

गाडीवर काळं कापड चढलं.

बाहेर व्हरांड्यात बायकोने डोकी मोजली. "आप्पा कुठायत?"

"बाथरूमला गेले असतील," मेव्हणा म्हणाला. तो अजून कर्त्या पुरुषाच्या भूमिकेतच होता.

दहा मिनिटांनी बाथरूममध्ये शोधून झालं. मोबाइल पेटीत कुलूपबंद. शेवटी बायको धावत हॉलच्या दाराशी आली. आत मोठ्या बाई आणि बाकीचे सात-आठ वरिष्ठ खुर्च्यांवर बसत होते. तिने नवऱ्याला खुणा केल्या. भुवया उडवल्या, पाठीत वाकून काठी टेकल्याचा अभिनय केला, शून्यात बोट दाखवलं.

भावसाहेब थंड चेहऱ्याने पुढे आले. "बाई, पाहुण्यांची सोय बाहेर आहे."

"अहो, आपले..." ती चटकन सावरली. "अहो साहेब, आमचे सासरे सापडत नाहीयेत!"

"सातही फिती परत आल्यात. मोजून घेतल्यात. तुमच्या घरचं तुम्ही बघा!"

आणि दार लावून घेतलं. दाराबाहेर बायको जे काही म्हणाली, ते मी इथे सांगणार नाही; इथे मुलंबाळं बसली आहेत.

भावसाहेबांनी घसा खाकरला. पडद्यावर आकडे उमटले. बाजाराच्या दोन पायऱ्या, मधली मोकळी पायरी, काचेचं छप्पर, स्टिअरिंगशेजारचा रुंद पडदा. मोठ्या बाई मान डोलावत होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एवढं सगळं देऊन ही किंमत परवडते कशी?"

याच प्रश्नाची तर ते वाट बघत होते!

"तिसरी रांग, मॅडम! तिथली गादी पातळ केली. गार हवेची जाळी काढून टाकली. वाचलेला पैसा छपराला लावला. कारण पैसे देणारा पुढे बसतो! आणि तिसऱ्या रांगेत कोण बसतं? ज्यांना नेल्याशिवाय चालत नाही, पण ज्यांना विचारायची गरज नसते, अशी माणसं. म्हातारी माणसं! ती तक्रार करत नाहीत."

कुणीतरी हसलं. हसू ऐकलं की भावसाहेबांचा पाय घसरत असे. घसरलाच.

"आता माझ्याच घरात बघा ना! आमचे वडील. त्यांना डिकीत बसवलं ना, तरी म्हणतील, हवा छान आहे!"

हॉल खळखळून हसला. भावसाहेबांनी हात उंचावला, संगीत सुरू झालं, दिवे गाडीवर आले आणि काळं कापड सर्रकन खाली उतरलं.

गाडी झळाळत होती. आणि तिसऱ्या रांगेत, मांडीवर दोन्ही हात ठेवून, ताठ बसलेले, घामाने चिंब भिजलेले आप्पा होते. मेव्हण्याने उघडी ठेवलेली पुढची काच तशीच उघडी होती.

संगीत वाजतच राहिलं. बंद करायचं कुणाला सुचेना.

"हे कोण?" मोठ्या बाईंनी विचारलं.

सीटवाला इंजिनिअर धावला. कळ ओढली, कळ अडकली. पुन्हा ओढली, सीट अर्धी पडली. आप्पा आधी एक पाय, मग काठी, मग पाठ, असे उलटे बाहेर यायला लागले. मध्येच गुडघा अडकला. दोन वरिष्ठांनी काखेत धरून त्यांना उतरवलं. जमिनीवर पाय लागताच त्यांनी आधी सदरा नीट केला आणि मग सगळ्यांना नमस्कार केला.

मोठ्या बाईंनी स्वतः पाण्याचा ग्लास दिला. "आजोबा, हाक का नाही मारलीत?"

"मोठ्याने बोलायचं नाही असं सांगितलं होतं."

"मग... आत सगळं ऐकू येत होतं?"

"गाडीत पुष्कळ बटणं आहेत, बाई. कान बंद करायचं नाही सापडलं."

मोठ्या बाईंची नजर आप्पांच्या नाकावरून भावसाहेबांच्या नाकावर गेली, आणि परत आली. नाक एकच होतं.

"तुम्ही या साहेबांना ओळखता?"

मंडळी, क्षणभर भावसाहेबांना वाटलं, हो म्हणावं यांनी. नोकरी गेली तरी चालेल, नियम मोडल्याचं कळलं तरी चालेल, पण 'हा माझा मुलगा' म्हणावं. त्यांनी मान वर केली. आप्पा त्यांच्याकडेच बघत होते. शांतपणे, दिलेलं काम नीट करणाऱ्या माणसासारखे.

"नाही हो," आप्पा म्हणाले. "यांना आजच पहिल्यांदा पाहिलं."

शिकवलेलं वाक्य, अक्षर न अक्षर बरोबर! पण भावसाहेबांना असं वाटलं की कुणी सगळ्यांसमोर अंगावरचे कपडे उतरवले.

"बरं," बाई हळूच म्हणाल्या. "गाडीची किंमत किती द्याल?"

"पुढचं मला कळत नाही, बाई. गादीतलं कळतं." आप्पांनी अर्ध्या पडलेल्या सीटवरून वाकून मागची गादी अंगठ्याने दाबली. "दोन बोटं कापलीय. खालचा फोम स्वस्तातला. अर्ध्या तासात मांड्या बधिर होतात. शिलाई मात्र सुरेख आहे, ज्याने घातली त्याला सांगा. आणि हे साहेब बोलतात छान! लहानपणी चारचौघांत उभा केला की तोतरायचा, आता वाटतसुद्धा ना..."

आप्पा थांबले. हॉल थांबला.

"म्हणजे... तोतरत असतील," आप्पा म्हणाले. "असा आपला अंदाज."

मोठ्या बाईंनी बराच वेळ कागदात डोकं घातलं. वर पाहिलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत हसू होतं की काय होतं, ते मला सांगता येणार नाही.

"भावसाहेब, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसा. बैठक पुढे चालू ठेवू."

भावसाहेब आत गेले. मधली सीट खाडकन जागेवर बसली. अर्धा तास बैठक चालली आणि त्यांना कुणीही काही विचारलं नाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसाला विचारायची गरज नसते, हे त्यांनीच तर पटवून दिलं होतं! आप्पांनी सांगितलं होतं तसं, बरोबर अर्ध्या तासात मांड्या बधिर झाल्या. काचेतून त्यांना दिसत होतं, आप्पा इंजिनिअरला बोटांनी गादीची जाडी दाखवत होते आणि इंजिनिअर लिहून घेत होता.

निकाल असा लागला: गादी पूर्ण जाडीची, जाळी परत, आतून उघडणारी कळ आधी, छप्पर लहान. तोवर किंमत स्थगित. प्रमुखपदही स्थगित, आणि त्याला तर तारीखसुद्धा दिली नाही.

सगळे घरी निघाले. मेव्हणासुद्धा साधा मेव्हणा झाला होता. भावसाहेब मात्र मनातल्या मनात माफी जुळवत होते. सवयीने तिचेही तीन मुद्दे पाडले: चूक, कारण, पुढची उपाययोजना. मग कारण काढून टाकलं. मग उपाययोजनाही काढली. राहिली चूक, आणि ती सांगायला शब्द सापडेना.

संध्याकाळी ते आप्पांच्या खोलीत गेले. आप्पा पाय कोमट पाण्यात सोडून बसले होते. भावसाहेबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पाच घाईने म्हणाले,

"बाळा, माझ्यामुळे तुझं काही बिघडलं नाही ना रे? बाकी सगळं तू सांगितलंस तसंच केलं. ते तोतऱ्याचं तेवढं तोंडातून निसटलं. चूक झाली. माफ कर."

भावसाहेब पंचा घेऊन आले. मग खाली बसले आणि आप्पांचे पाय पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते.

"कोरडे झाले रे," आप्पा म्हणाले.

"हो," भावसाहेब म्हणाले, आणि पुसत राहिले.

एवढीच गोष्ट. ती माफी अजून मागितलेली नाही, असं त्यांची बायको सांगते. रोज सकाळी मागायची ठरते आणि रोज आप्पाच आधी विचारतात, 'चहा घेतलास का?' तेव्हा मंडळी, भावसाहेबांना विसरलात तरी चालेल, त्यांचीही तीच इच्छा आहे. पण कधी सगळं घर घेऊन गाडीने निघालात, गाणी लागली, थट्टामस्करी रंगली, तर त्या आप्पांची आठवण ठेवा. आणि मागे वळून एकदा विचारा: हवा लागतेय ना?

'छान आहे' म्हणाले, तर पुन्हा विचारा.